सेवेकऱ्याकडे दाखला मागायचा कोणी?

मार्च उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर शिबिरांचे फ्लायर फिरायला लागतात. निवासी संस्कार शिबिर, साहस शिबिर, नाट्य शिबिर, वय वर्षं ८ ते १४, येताना सतरंजी, टॉर्च, ताट-वाटी-पेला आणि ओडोमॉस. पालक फोन करून काय काय विचारतात ते मला पाठ झालंय, कारण अशा शिबिराच्या फोनवर मी बरीच वर्षं बसते. जेवणात काय असतं, जैन मिळेल का, मुलींची सोय वेगळी आहे ना, संध्याकाळी एक फोन करता येईल का, नदीवर नेणार असाल तर लाइफ जॅकेट आहेत का. सगळे प्रश्न रास्तच. पण मुलांसोबत रात्री त्या हॉलमध्ये जे दादा आणि ताई झोपणार ते कोण, कुठून आले, त्यांना कोणी पारखून घेतलंय का, हे विचारणारा पालक क्वचितच भेटतो. आणि कोणी विचारलंच तर संस्थांकडे उत्तर तयार असतं की अहो सगळी आपलीच माणसं आहेत, वर्षानुवर्षं येतात, एक पैसा घेत नाहीत.

हे "एक पैसा घेत नाहीत" आपल्याकडे कॅरेक्टर सर्टिफिकेट म्हणून चालतं. पगारी माणसाला आपण दहा प्रश्न विचारू, फुकट येणाऱ्याला एक विचारायचा म्हटलं तरी जीभ अडखळते, उपकार करतोय बिचारा आणि आपण त्याचीच चौकशी करायची? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुलांच्या संस्थेत ज्याला विचारायला संकोच वाटतो त्याच्यापासूनच विचारायला सुरुवात झाली पाहिजे, आणि ते संशयापोटी नाही तर नियम म्हणून, सगळ्यांना सारखा, अध्यक्षांपासून.

आधी कायदा काय म्हणतो बघू. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, १४ नोव्हेंबरपासून लागू. त्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले आणि त्यात नियम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलं राहतात किंवा मुलांशी नियमित संपर्क येतो अशा प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो की स्पोर्ट्स अकॅडमी, आपल्या स्टाफची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची. शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी, आणि मुलांच्या संपर्कात येणारा संस्थेचा दुसरा कोणताही कर्मचारी. वाचताना वाटतं वा, सगळे आले. पण नीट बघा, यादी शेवटी कर्मचाऱ्यापाशी येऊन थांबते. शिबिराला येणारा दादा कर्मचारी नाही. ट्रेकला सोबत येणारे काका कर्मचारी नाहीत. रविवारी फुकट क्रिकेट शिकवणारा, ढोल पथकात पोरांना हात शिकवणारा, वस्तीत अभ्यासवर्ग घेणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संस्थेत येऊन गोष्टी सांगणारे निवृत्त अधिकारी, यातलं कोणीच पगारपत्रकावर नसतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) शिक्षेच्या वेळी हाच कायदा पगारपत्रक बघत नाही. मुलाच्या दृष्टीने विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने गुन्हा केला तर तो गंभीर स्वरूपाचा धरला जातो आणि शिक्षा वाढते. म्हणजे फुकट येणारा दादा हा विश्वासाच्या जागी बसलेला माणूस आहे हे कायद्याला गुन्हा घडल्यानंतर मान्य आहे, दारातून आत येताना मात्र तो त्याला दिसत नाही.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेतलाच कंत्राटी सफाई कामगार, कामाला लागून काही दिवसच झालेले, मग २० तारखेला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. दुसऱ्याच दिवशी शासनाचा जीआर निघाला, शाळांत सीसीटीव्ही लावा, नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा. हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं ते आपल्या आजूबाजूला बघा. वॉचमनचा पोलिसांकडून दाखला आणला, बसच्या ड्रायव्हरचा आणला, मावशींचा आणला, सफाईवाल्या पोराचा आणला. आणि गॅदरिंगच्या तालमी घेणारे बाहेरचे सर? शनिवारी योगा घ्यायला येणारे गुरुजी? विश्वस्तांचे मित्र, जे कधीही येऊन कुठल्याही वर्गात बसू शकतात? पडताळणी आपल्याकडे कायम उतारावरून खाली जाते. ज्याची जात, पगार, चपला बघून आपल्याला आधीच संशय असतो त्याच्याकडेच कागद मागितला जातो, आणि ज्याला हार घालून आत आणतो त्याच्याकडे कागद मागणं हा अपमान होतो.

तर हार घातलेल्यांचा इतिहास काय सांगतो? गोव्यातलं उदाहरण घ्या. मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायचा, समाजसेवक म्हणून लोक ओळखायचे. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि मुलांवर काय चाललं होतं ते बाहेर आलं, १९९६ मध्ये जन्मठेप. मुंबईत कुलाब्याला 'अँकरेज' नावाची निवारागृहं होती, रस्त्यावरच्या मुलांसाठी, ब्रिटिश नौदलात राहिलेल्या डंकन ग्रँटने उभी केलेली, सोबत त्याचा मित्र अ‍ॅलन वॉटर्स. परदेशातून माणसं येतात, आपल्या रस्त्यावरच्या पोरांना जेवू घालतात, कोण कशाला विचारेल? २००१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं, २००६ मध्ये सेशन्स कोर्टात शिक्षा, २००८ मध्ये हायकोर्टात निर्दोष, आणि शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. दहा वर्षं. ज्या मुलांनी साक्षी दिल्या ती तोवर मोठी झाली असतील. या दोन्ही ठिकाणी गुन्हेगार झाडूवाला नव्हता, संस्थेचा कर्ताधर्ता होता, सेवा करायला आलेला होता.

अमेरिकेत लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय टीमचा डॉक्टर, तो तर फेडरेशनकडून पगारही घेत नसे, स्वयंसेवक म्हणून यायचा. इतका भला माणूस! २०१८ मध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी त्याला कोर्टाने ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली आणि शंभराहून जास्त मुली-बायका कोर्टात उभं राहून बोलल्या. २०१५ च्या आधी त्याची कोणीही पोलीस पडताळणी केली असती तर कागद स्वच्छ आला असता.

इथे वाचणारा म्हणेल की मग पडताळणी करून उपयोग काय, कागद तर स्वच्छच येणार. बरोबर पकडलंत, त्याच मुद्द्यावर यायचंय. पण त्याआधी एका मीटिंगबद्दल सांगते.

शिबिराच्या आधीची मीटिंग, चहा आणि पार्ले-जी, पुढ्यात किराण्याची यादी आणि गटप्रमुखांची यादी. आमच्यातल्या एका तरुण मुलीने नवीन फॉर्म करून आणला होता, दोन पानी. नाव, पत्ता, आधी कुठल्या संस्थेत काम केलं, तिथल्या दोघांचे फोन नंबर, मुलांसंबंधीच्या किंवा लैंगिक गुन्ह्यात कधी नाव आलंय का, कुठल्या संस्थेने कधी काम थांबवायला सांगितलंय का, खाली सही. पहिल्या पाच-सहा पोरांनी निमूट भरला. मग फॉर्म गेला एका काकांकडे, सत्तरीचे, संस्थेच्या पहिल्या शिबिरापासूनचे. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "म्हणजे आता या वयात मी लिहून द्यायचं की मी तसला नाही?" खोली गार. मुलीचा चेहरा पडला. दुसरे कोणीतरी लगेच म्हणाले अहो काका तुमचं राहू द्या हो, तुम्हाला कोण विचारतंय, हे नवीन पोरांसाठी आहे.

आणि तिथेच नियम मेला. कारण काकांना सूट दिली की मग काकांच्या भाच्याला सूट, मग अध्यक्षांनी पाठवलेल्या माणसाला सूट, मग "अरे हा आपल्या अमुकचा मित्र" याला सूट, आणि शेवटी फॉर्म कोणी भरायचा तर ज्याची कोणाशी ओळख नाही त्या गरीब बिचाऱ्याने. काका वाईट होते का? अजिबात नाही, माझी स्वतःची मुलगी त्यांच्या हाताखाली शिबिर करून आलीये. पण काकांनी सही करायची ती काकांसाठी नसतेच. काकांनी केली की पुढच्या कोणालाही "मी नाही करणार" म्हणायला तोंड राहत नाही. मुलांवर वाईट नजर ठेवून येणारा माणूस जागा शोधताना हेच हुडकत असतो की कुठे प्रश्न विचारत नाहीत, कुठे ओळखीवर भागतं.

आता त्या स्वच्छ कागदाबद्दल.

पोलिसांकडून येणारा दाखला म्हणजे तुमच्या नावावर नोंद आहे की नाही एवढंच. नोंद कधी होते? कोणीतरी तक्रार केली तर. आणि आपल्या संस्थांमध्ये काय होतं ते आतली माणसं जाणतात. एखाद्या मुलाने किंवा मुलीने काहीतरी सांगितलं, किंवा कुठल्या ताईच्या नजरेला आलं, की दोन ज्येष्ठ माणसं त्या दादाला बाजूला घेतात, बंद खोलीत बोलतात, आणि त्याला सांगतात की यापुढे येऊ नकोस. बस. संस्थेचं नाव वाचलं, मुलीचं नाव वाचलं (असं आपण म्हणतो), त्याच्या आईवडिलांना धक्का बसला नाही, सगळं घरातल्या घरात मिटलं. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दुसऱ्या पथकात जातो, तिथे विचारलं तर सांगतो की अमुक संस्थेत आठ वर्षं काम केलंय, आणि ते खरंही असतं. पोलिसांचा दाखला आणायला सांगा, आणेल, कोरा करकरीत. तो कोरा आपणच ठेवलाय. त्या बंद खोलीत.

आणि हे नुसतं अनैतिक आहे असं नाही, हा गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायलाच हवं, नाही सांगितलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण आठवत असेल, आदिवासी मुलींवरचे अत्याचार. त्यात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. हायकोर्टाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा ती गुन्हेगाराला वाचवण्याचीच धडपड असते. बदलापुरातही शाळेच्या विश्वस्तांवर वेळेत न कळवल्याचा गुन्हा लागलाच. तरी आजही मीटिंगांमध्ये "आपण आपल्या पातळीवर बघू" हे वाक्य मोठ्या समजूतदारपणाचं म्हणून बोललं जातं.

अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी तर ही बंद खोली कागदावर चालवली. १९२० च्या दशकापासून त्यांच्याकडे अपात्र स्वयंसेवकांच्या फायली होत्या, कोणाला का काढलं याच्या नोंदी, मुख्य ऑफिसात कुलपात. हेतू असा की काढलेला माणूस परत दुसऱ्या तुकडीत शिरू नये. वर्षानुवर्षं फायली वाढत गेल्या, पोलिसांना कित्येकदा कळवलंच नाही, पालकांना सांगितलं नाही, आणि काहीजण परत शिरलेसुद्धा. २०१२ मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ मधल्या बाराशेहून जास्त फायली जगासमोर आल्या. २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली, ८२ हजारांहून जास्त लोकांनी दावे केले, भरपाईची योजना २४६ कोटी डॉलरची. त्यांच्याकडे नोंदी तरी होत्या ज्या नंतर कोर्टाला मागता आल्या. आपल्याकडे उद्या कोणी कोर्टात गेलं तर काय निघणार, मीटिंगच्या वहीत "इतर विषयांवर चर्चा झाली" एवढीच ओळ.

इंग्लंडने धडा घेतला पण किंमत मोजून. २००२ मध्ये सोहम गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला, खुनी तिथल्याच शाळेचा केअरटेकर. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते पण शिक्षा एकाही प्रकरणात नव्हती, आणि नोकरीच्या वेळी ती माहिती शाळेपर्यंत पोचलीच नाही. त्यावर चौकशी बसली, कायदा बदलला, आणि आता तिथे जी सविस्तर तपासणी होते त्यात शिक्षा झाली नसली तरी पोलिसांना महत्त्वाची वाटणारी माहिती येऊ शकते, आणि स्वयंसेवकांसाठी ही तपासणी फुकट आहे. ऑस्ट्रेलियातही तसंच. मेलबर्न-सिडनीकडे शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणारी आपलीच माणसं आहेत, फुकट शिकवतात, आणि मुलांसोबत काम करण्याचं ते सरकारी कार्ड निमूट काढतात, पाच वर्षांसाठी, स्वयंसेवकाला फी नाही. तिथे कोणाचा अपमान होत नाही. तोच माणूस डिसेंबरात पुण्याला येऊन एखाद्या संस्थेत मुलांना रोबोटिक्स शिकवायला बसला तर त्याच्याकडे आधार कार्डसुद्धा कोणी मागत नाही, उलट शाल-श्रीफळ.

आता पात्रतेचे निकष. इथे मी थोडी उलट बाजूने बोलणार आहे, कारण पडताळणी हवी म्हणणारे लोक लगेच उत्साहात येऊन "चांगल्या घरातलाच पाहिजे", "लग्न झालेला असावा", "व्यसन नको, विचार चांगले हवेत" असं काहीबाही लिहायला लागतात. माणसाचा प्रकार बघून पात्रता ठरवली की ती हमखास चुकते. परत स्काउट्सचंच बघा. समलिंगी प्रौढांना त्यांनी वर्षानुवर्षं लीडर होऊ दिलं नाही, २००० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तो हक्क मिळवला, आणि ती बंदी उठली २०१५ मध्ये. म्हणजे ज्या काळात कुलपातल्या फायली फुगत होत्या त्याच काळात संघटना बाहेर सांगत होती की आम्ही मुलांच्या भल्यासाठी अमुक प्रकारच्या माणसांना आत घेत नाही. मुलांशी गैरवागणारी बरीच माणसं विवाहित, देवभोळी, शेजाऱ्यांच्या मदतीला धावणारी होती. निकष माणसाच्या प्रकारावर लावला आणि वागणं सुटून गेलं.

आपल्याकडे याची आवृत्ती वेगळी. नुसतं "पोलीस रेकॉर्ड नको" असं लिहिलंत तर पहिला कोण गळेल? पारधी समाजातला एखादा तरुण, जो स्वतः शिकून आता वस्तीतल्या पोरांना शिकवतोय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, ठाण्यातल्या माणसांच्या डोक्यातून गेला असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं. चोरी झाली की आधी वस्तीवर गाडी येते, नावं लिहिली जातात. दुसरा कोण गळेल? चळवळीतला कार्यकर्ता, ज्याच्यावर जमावबंदी मोडल्याच्या, पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) च्या केसेस आहेत. आमच्याकडच्या उत्तम ताई-दादांपैकी निम्म्यांवर एखादी तरी अशी केस निघेल, धरणाच्या आंदोलनातली नाहीतर फीवाढीच्या मोर्चातली. म्हणून निकष नेमका लिहावा लागतो: मुलांवरचे गुन्हे, लैंगिक गुन्हे, मानवी तस्करी, गंभीर हिंसा. यात शिक्षा असेल तर मुलांसोबतचं काम कायमचं बंद. केस चालू असेल तर निकाल लागेपर्यंत मुलांपासून लांब, पण संस्थेतलं दुसरं काम करता येईल. बाकी सगळं, म्हणजे मोर्चा, राजकीय केस, कर्ज थकलं, घटस्फोट झाला, कोणावर प्रेम करतो, याचा काही संबंध नाही आणि विचारूही नये.

आणि हे सगळं करूनही दाखला म्हणजे दाराची कडी फक्त, घर त्याने सुरक्षित होत नाही. आत काय नियम आहेत ते जास्त महत्त्वाचे, आणि त्यांना एक रुपया लागत नाही. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, कायम दोन मोठी माणसं किंवा उघडी जागा. मोठ्यांनी झोपायचं वेगळं, मुलांच्या अंथरुणात नाही, आणि रात्री राउंडला दोघे. मुलाला वेगळा पर्सनल मेसेज नाही, जे सांगायचं ते ग्रुपवर किंवा पालकांना. खास गिफ्ट नाही, एकट्याला गाडीवरून सोडायला जायचं नाही. पहिल्या वर्षी नवीन दादाला मुक्कामाची जबाबदारी नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं की काही खटकलं तर कोणाला सांगायचं, त्यातलं एक नाव संस्थेबाहेरचं असलं पाहिजे, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. हे नियम गुन्हेगाराला जेवढे जाचतात तेवढेच सरळ माणसाला वाचवतात, कारण उद्या कोणी काही बोललं तर त्याच्या बाजूने दुसरा साक्षीदार असतो. खोट्या तक्रारींची ज्यांना फार काळजी वाटते (आणि मीटिंगमध्ये हा मुद्दा हटकून येतो, पाच मिनिटांच्या आत), त्यांनी तर दोन मोठ्यांचा नियम सगळ्यात आधी मागायला हवा. शिवाय मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोतच शिक्षा आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

आधीच्या संस्थेला फोन करणं, हे तर मी दाखल्याच्याही वर ठेवेन. फॉर्मवर नंबर घ्यायचा आणि खरंच लावायचा. विचारायचं एकच, तुमच्या निवासी शिबिराला हा माणूस तुम्ही परत घ्याल का. "हो, आनंदाने" असं आलं तर ठीक. "माणूस तसा चांगला आहे हो, कामाचा आहे, पण आता आमच्याकडे नाहीये" असं आलं तर तिथे थांबायचं आणि पुढे विचारायचं, कारण मराठी माणूस कोणाबद्दल वाईट बोलायचं नसलं की हे वाक्य बोलतो. आणि आपल्याला असा फोन आला तर खरं सांगायचं.

स्वयंसेवक कमी होतील ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. आधीच पोरांना इंटर्नशिपमधून वेळ नाही, त्यात दोन पानी फॉर्म आणि पोलीस ठाण्याची चक्कर. दाखल्याचा ऑनलाइन अर्ज करता येतो पण कागदपत्रं अपलोड करा, मग ठाण्यातून फोनची वाट बघा, आणि मे महिन्याच्या शिबिरासाठी एप्रिलच्या शेवटी "मी येतो" म्हणणारी आपली पोरं! याला उपाय एवढाच की हे काम जानेवारीत करायचं, खर्च संस्थेने द्यायचा, आणि एकदा केलेलं तीन वर्षं चालवायचं. तरी दोन-चार लोक जातील. जे फॉर्म बघून जातात त्यांच्यामागे मी तरी धावणार नाही.

सरकारकडून मात्र दोन गोष्टी हव्यात, त्या संस्थांच्या हातात नाहीत. पहिली, नियम ३ मध्ये "मोबदला घेऊन किंवा न घेता मुलांच्या नियमित संपर्कात येणारी कोणतीही व्यक्ती" एवढे शब्द घालायचे, त्यात पदाधिकारी आणि विश्वस्तही. दुसरी, लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ पासून आहे, सुरुवातीलाच चार लाखांहून जास्त नोंदी होत्या, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना उघडते. ती जाहीर करा असं मी म्हणत नाही. अमेरिकेसारखं नकाशावर घरं दाखवायला लागलो तर आपल्याकडे जमाव काय करेल हे सांगायची गरज नाही, आणि पीडित मूल बहुतेक वेळा त्याच घरातलं किंवा शेजारचं असतं, त्याचीही ओळख उघडी पडेल. पण नोंदणीकृत संस्थेने, त्या माणसाच्या लेखी संमतीने, नाव पाठवलं तर "आहे" किंवा "नाही" एवढं उत्तर आठवडाभरात मिळायला काय हरकत आहे?

राहिला प्रश्न नोंदणी नसलेल्यांचा, आणि त्यांचीच संख्या मोठी. ढोल पथक, गल्लीतलं मंडळ, चार मित्रांनी सुरू केलेला ट्रेकिंग ग्रुप. साहसी उपक्रमांसाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात नोंदणी आली, प्रशिक्षित माणसं आली, म्हणजे दोराला कोण धरणार याचा विचार झाला, तंबूत मुलांसोबत कोण झोपणार याचा बाकी आहे. आणि पथकांचं म्हणाल तर जुलैपासून नदीकाठी रोज संध्याकाळी सराव चालतो, त्यात नववी-दहावीची पोरं-पोरी असतात, रात्री उशिरापर्यंत. गणपतीत मंडळाला पोलिसांचा परवाना लागतो, महापालिकेचा लागतो, त्या अर्जांवर पदाधिकाऱ्यांची नावं, फोन, सह्या सगळं आजही लिहून घेतात. त्याच अर्जाला एक पान जोडायचं: अठराखालची किती मुलं आहेत, त्यांची जबाबदारी कोणत्या दोन मोठ्या माणसांवर आहे, त्यांची पडताळणी कधी झाली, तक्रार कोणाकडे करायची. मंडपाचे खांब रस्त्यात किती फूट येतात ते आपण टेप लावून मोजतो, हे पान भरायला दहा मिनिटं लागतील.